पाटलीतलं पीठ

परातीतल्या रिठ्याच्या गरम पाण्यात कुशाबाईनं पुतळ्यांची माळ सोडली आणि बोरमाळ तेवढी बाजूला ठेवली. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते. गरम पाणी लागलं की मणी बसलेच म्हणून समजा. दागिने थोरल्या लेकीचे, रतनचे होते. चार महिन्यांपूर्वी ती लोणी भापकरला, सासरच्या विहिरीत पडून गेली. आता तिच्याच नवऱ्याला, मोहनरावांना, धाकटी जयवंता द्यायची ठरली होती. उद्या सुपारी. तिच्या अंगावर घालायचे म्हणून रतनच्या सासूनं, प्रयागबाईनं, दागिने काटेवाडीला धाडले होते. सोनाराकडं नको, घरीच उजळा, असा वर निरोप. मेलेल्या पोरीचं सोनं घासायला तिची आईच बरी सापडली या लोकांना!

"पान्यातनं काढली तवा पार पाटल्यांसकट हुती पोर. मीच उतरवल्या," असं प्रयागबाईनं तेव्हा रडत सांगितलं होतं. नवरा पुढं गेला होता; कुशाबाई पोचेपर्यंत रतनला कापडात गुंडाळून झालं होतं.

तिनं पाटल्या हातात घेतल्या. एक चेपून लांबट झाली होती. दोन्हींच्या नक्षीत पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. तिनं सुईनं टोकरलं, जिभेला लावलं. बाजरीचं पीठ.

रात्रभर विहिरीत राहिलेल्या हातावर पीठ टिकतं होय? आणि पिठाच्या हातानं कुठली बाई पाटल्या उतरवते? आधी हात धुते. या कुणीतरी ओढून काढल्या होत्या, पोर भाकरी थापत असताना.

"झालं का न्हाय अजून?" ओसरीवरून तिचा नवरा दत्तोबा आत आला.

"अवं, रतनला हिरीतनं तुमीच काढली न्हवं? हातात पाटल्या हुत्या तिच्या?"

दत्तोबा खाली बसला.

"न्हवत्या."

"आन् येवढं दिस गप ऱ्हायला?"

"काय करू? हिरीत गेलेलीची भन म्हणून जयवंताला कोण करून घेनार हाय? त्येनी आपनहून मागनी घातली."

"तितं दिल्यावर जगंल व्हय ती?"

दत्तोबानं तिच्या मांडीवरची चेपलेली पाटली उचलली, परातीत बुडवली आणि अंगठ्यानं घासायला लागला. पीठ सुटून पाणी गढूळ झालं. कुशाबाईला नवऱ्याची किळस आली. कीवही आली.

"दुसरी दे."

"न्हाय."

दुसरी पाटली तिनं पदरात बांधली, दोन गाठी मारल्या आणि उठली.

"कुठं निघालीस?"

"बारामतीला. फौजदाराला दावते."

"कुशे, उद्या सुपारी हाय."

चुलीपुढून जयवंता उठून केव्हाच दारात आली होती. तिनं बापाकडं पाहिलं नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि आईच्या आधी उंबरा ओलांडला.