उरलेल्या शाईचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लगेच नाकं मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या. पूर्वी माझ्या पोटात दुधाची पावडर होती आणि अंगावर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. आता त्या बाळाचा एक कान आणि अर्धं हसू तेवढं उरलंय, बाकीचं शाईखाली गेलंय. तरी मला विचाराल तर बाळ आता जास्त शहाणं दिसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची पट्टी गोल वळवली, बूड ठोकून बसवलं की झाला डबा. माझ्याबरोबर त्याच तासाला माझे हजारभर भाऊ जन्मले, त्यामुळे बारशाचं कौतुक कुणाचंच झालं नाही. मी एका घरात गेलो. तिथली एक लहान मुलगी आईची पाठ वळली की माझं झाकण उघडायची आणि चमचाभर पावडर तोंडात कोंबायची. वर विचारलं तर पांढऱ्या मिशांनिशी ‘मी नाही खाल्ली’ म्हणून सांगायची! पावडर संपली, मग माझ्यात बटणं आली, मग सुया-दोरे आले. ती मुलगी मोठी झाली आणि एक दिवस मला काखेत मारून वडिलांच्या छापखान्यात घेऊन आली. आता सगळी गल्ली तिला ताई म्हणते.

आमचा छापखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत रंगीत छपाईचं मशीन, मागच्या खोलीत कागदाच्या थप्प्या, आणि त्यामागे छोटं अंगण. अंगणातून एक नाली भिंतीखालून पलीकडे जाते. पलीकडे उतारावर मावशींची रोपवाटिका आहे. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, पण नात्यातल्यांपेक्षा जास्त हक्काने ओरडणाऱ्या.

तीस वर्षं हा छापखाना ताईच्या वडिलांनी चालवला. त्यांना सगळे बाबा म्हणतात. बाबांचं एकच म्हणणं असे, “छापखाना कसा आरशासारखा पाहिजे!” रोज काम संपलं की ते मशीनचे रूळ रॉकेलने धुवायचे, शाईचे डबे लख्ख घासायचे आणि ते काळंनिळं पाणी नालीत सोडून द्यायचे. छापखाना आरसा झाला खरा, पण त्या आरशाची मागची बाजू कुणी पाहिली नव्हती.

मग एका सकाळी मावशी रोपांचा एक ट्रे घेऊन आल्या आणि त्यांनी तो बाबांच्या टेबलावर ठेवला. टोमॅटोची रोपं होती, सगळी माना टाकलेली. “बाबा, तुमची शाई माझ्या मुळांत उतरली,” एवढंच त्या म्हणाल्या. एरवी मावशी ओरडतात, त्या दिवशी ओरडल्या नाहीत, आणि तेच सगळ्यांना जास्त लागलं. ताई तेव्हा नुकतीच कामाला बसायला लागली होती. ती त्यांच्यामागे भिंतीपर्यंत धावत गेली आणि म्हणाली, “मावशी, यापुढे आमच्याकडून एक थेंब येणार नाही. माझा शब्द आहे.”

शब्द देणं सोपं असतं हो. पाळताना घाम निघतो.

ताईने तेलबियांच्या तेलातली शाई आणली. रॉकेल बंद करून साध्या तेलाच्या फडक्याने रूळ पुसायला सुरुवात केली. कागदाच्या कापट्या उरल्या की त्यांच्या चिटोऱ्यांच्या वह्या शिवल्या. आणि रंगांना वार नेमून दिले. सोमवारी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. फिक्याकडून गडदाकडे गेलं की रूळ कमी पुसावे लागतात. गिऱ्हाईकं सुरुवातीला वैतागली, पण पुढे इतकी सरावली की रस्त्यात एकमेकांना सांगायची, “माझं काम लाल वारी आहे, तुझं?”

आणि दिवसाच्या शेवटी मशीनमध्ये जी शाई उरते, ती फेकायची नाही, म्हणून आला मी. ताई पात्याने उरलेली शाई खरवडून माझ्यात टाकायची. मग पातं माझ्या काठावर बाहेरच्या बाजूला निपटायची आणि मला बोटभर फिरवून ठेवायची. उद्याची शाई उद्याच्या जागी निपटायची. मी भरलो की आत जे काही झालं असेल ते नीट कालवायचं आणि त्याच रंगात पाकिटं, वेष्टनं, वह्यांचे पुठ्ठे छापायचे. रिकामा झालो की काठ तेलाच्या फडक्याने पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कधी माझ्यात शेवाळी रंग व्हायचा, कधी विटकरी, कधी नुसताच चिखल. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ना, ते मी रोज पोटात करत होतो.

बाबांना हे सगळं मुळीच रुचलं नाही. “हा छापखाना आहे की भंगाराचं दुकान?” ते म्हणायचे. माझ्याकडे बघून तर त्यांच्या कपाळावर आठ्याच पडायच्या. हात थोडे कापायला लागल्यामुळे ते आता मशीन चालवत नसत. खिडकीशी खुर्ची टाकून छापलेले कागद मोजत बसायचे आणि कुणाचं काय काम चाललंय यावर बारीक लक्ष ठेवायचे. मला ते कळकट म्हणायचे. बोलल्याने अंगाला भोकं पडत नाहीत हे खरं, नाहीतर माझ्यासारख्या डब्याचं काही खरं नव्हतं.

पण माझेही दिवस आले. जवळच्या शाळेच्या मोठ्या बाई काही कामाला आल्या होत्या. त्यांनी माझ्या रंगात छापलेलं एक पाकीट उचललं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. तपकिरीच, पण आत कुठेतरी लाली होती, पाऊस पडून गेल्यावर वीट दिसते तशी. “हा रंग कुठून आणलात?” त्यांनी विचारलं. ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बघून हसलं, आणि ते हसणं चेष्टेचं नव्हतं.

शाळेतल्या मुलांनी लिहिलेल्या गोष्टींचं पुस्तक निघणार होतं. दीड हजार मुलं, दीड हजार पुस्तकं. मोठ्या बाईंना मुखपृष्ठ याच रंगात हवं होतं. “फक्त एक,” त्या म्हणाल्या, “सगळ्यांच्या हातात सारखं पुस्तक पडलं पाहिजे. एकाला चांगलं, एकाला उरलेलं, असं माझ्या शाळेत चालत नाही.” ताईने माझ्यात डोकावून पाहिलं. मी गळ्यापर्यंत भरलेलो होतो. “पुरेल,” ती म्हणाली. रंगाची कृती काही कुठे लिहिलेली नव्हती. उरलेल्याची कृती कोण लिहितं?

छपाईच्या दिवशी दुपारपर्यंत हजार मुखपृष्ठं छापून झाली. मशीनमधली शाई संपली होती, माझ्यात पाचशेंपुरती होती, आणि पुस्तकं परवा मुलांना वाटायची होती. ताई कागद कापून आणायला गेली. चार वाजता मोठ्या बाई काम बघायला येणार होत्या.

बाबा एकटेच होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. “शाळेच्या बाई येणार आणि टेबलावर हे ध्यान!” ते पुटपुटले. पोरीची मान ताठ राहावी, एवढंच त्यांच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी कपाटामागे दडवून ठेवलेली रॉकेलची जुनी बाटली काढली. मला अंगणात नेलं. मी पत्र्याचा, मला तोंड नाही, नाहीतर किती ओरडलो असतो! त्यांनी रॉकेल ओतलं, काठीने ढवळलं, आणि माझ्या पोटातला तो सगळा रंग नालीत उपडा केला. मग आतून असं घासलं की मला माझा जन्मदिवस आठवला. बाहेरून घासायला घेणार, इतक्यात भिंतीपलीकडून मावशींची हाक आली, “अहो, हे काय येतंय!”

ताई दारातून आत आली ती रॉकेलच्या वासानेच थबकली. कागद तसाच टाकून ती अंगणात धावली. माती, भुसा, फडकी, हाताला लागेल ते तिने नालीत कोंबलं. मावशींनी पलीकडून फावड्याने बांध घातला. दोन वाफे गेले, बाकीचे वाचले.

मग ताई बाबांसमोर येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. “बाबा, तीस वर्षं तुमच्या मनासारखं झालं ना? माझा एक शब्द होता, तेवढाही तुम्हाला राखता आला नाही? उद्यापासून तुम्ही घरीच बसा. इथे येऊ नका.”

बाबांनी मला टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, आणि भिंतीला धरून हळूहळू निघून गेले. ताई खुर्चीत बसून रडली. मोठ्या बाई आल्यावर तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उद्या दुपारपर्यंत थांबते. पण पाचशे मुलांना दुसरा रंग मी देणार नाही.” त्यानंतर ताईने हाताने तीनदा रंग कालवून पाहिला. एकदा तो चॉकलेटी झाला, एकदा जांभळट, एकदा काय झाला ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला ताई आली तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला. उजाडल्याबरोबर ते मावशींकडे गेले होते आणि खराब झालेली माती त्यांनी स्वतः खणून काढली होती. “आत नाही येत,” ते म्हणाले, “तो डबा तेवढा बाहेर दे.”

ताईने मला त्यांच्या हातात दिलं. बाबांनी मला उजेडात धरून हळूहळू फिरवलं. आतून मी कोरा होतो, पण माझा काठ घासायचा राहून गेला होता ना! तिथे रोजचं निपटलेलं एकेक बोट तसंच वाळून बसलं होतं.

“हे बघ,” बाबा म्हणाले, “हा पिवळा बियाण्यांच्या पाकिटांचा. हा लाल लग्नपत्रिकांचा, त्या दिवशी लाल खूप उरला होता, थर बघ कसा जाड आहे. हा दातांच्या डॉक्टरांचा निळा. हा काळा अगदीच पातळ, त्या दिवशी नुसती पावतीपुस्तकं होती. मग पुन्हा पिवळा.”

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. “तुम्हाला एवढं सगळं लक्षात आहे?”

“मग खिडकीशी बसून मी काय माशा मारत होतो?”

अठरा बोटं होती, अठरा दिवस. बाबा सांगत गेले आणि ताई पात्यावर शाई घेत गेली. बाबांनी एक ठिपका कागदावर बोटाने पसरला आणि छापलेल्या मुखपृष्ठाशेजारी धरला. “अजून लाली हवी.” पुन्हा कालवलं. “आता हिरवट मारतोय.” ताई म्हणाली, “बाबा, डॉक्टरांचं काम दोनदा झालं, तुम्ही तीनदा धरलंत.” “हो की!” शेवटी बाबा हसून म्हणाले, “काय वेळ आलीये बघ, शिळा भात हवा म्हणून ताजा रांधायला बसलोय.” ताईलाही हसू फुटलं. कालपासून ती पहिल्यांदा हसली.

पाचव्या वेळी दोन कागदांमधला फरक ताईला दिसेना, बाबांना दिसेना. मोठ्या बाई आल्या, त्यांनाही दिसेना. दुपारी मशीन सुरू झालं. बाबा पायरीवरच बसून होते. ताई बाहेर आली आणि म्हणाली, “कागद कोण मोजणार? खुर्ची रिकामी आहे.” बाबा उठले, दारात चपला काढल्या आणि आत येऊन खिडकीशी बसले. त्या दिवशी मोजताना ते दोनदा चुकले. डोळे पुसत मोजलं की असं होतं.

ठरल्या दिवशी मुलांच्या हातात दीड हजार सारखी पुस्तकं पडली. मावशींच्या दोन वाफ्यांत नवी माती आली, आणि पाणी घालायला बाबा रोज सकाळी जातात. मावशी त्यांच्यावर पुन्हा पूर्वीसारख्या ओरडायला लागल्या आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे.

ताईने माझ्या झाकणावर काळ्या शाईने लिहिलंय, ‘विचारल्याशिवाय रिकामा करू नये.’ बाबांनी ते वाचलं आणि विचारलं, “हे कुणासाठी आहे गं? मला दम आहे का?”

“नाही,” ताई म्हणाली, “मला आहे. तुम्हाला घरी बसा म्हणून ती खुर्ची रिकामी केली होती ना, म्हणून.”

मित्रांनो, मी आता पुन्हा निम्मा भरलोय. या वेळचा रंग कसा होईल मला ठाऊक नाही. तुमच्याही घरात एखादा कळकट डबा असेल, एखादं खिडकीशी बसलेलं माणूस असेल. ते उगीच जागा अडवतंय असं तुम्हाला वाटेल. तसं वाटलं तर त्याला एकदा उजेडात न्या, हळूच फिरवून बघा, आणि त्याच्या काठावर काय काय लागलंय ते त्यालाच विचारा.