बोकडाने अंग झाडले नाही

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला तांब्या आहे. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचा मार खाऊन मी घडलो आणि रंगरावांच्या लग्नात आहेर म्हणून निघोज गावी आलो. त्यांच्या पत्नी कुसुमताई मला रोज चिंचेने घासत. देवाची आंघोळ माझ्याच पाण्याने होई. शेजारणी माझी चकाकी वाखाणत, तेव्हा मी मनातून फुलून जाई.

रंगराव पिंपरीच्या एका कारखान्यात टेंपररी होते. कायम झालो तर भैरोबाला बोकड देईन, असा नवस ते बोलले. नवसासाठी बोकडाचे पिल्लू आणले ते आईवेगळे. कुसुमताईंनी त्याला बोळ्याने दूध पाजून जगवले. त्यांना मूलबाळ नव्हते. 'भुऱ्या' अशी हाक मारली की ते धावत येऊन त्यांच्या पदरात तोंड खुपसी.

१९७४ साली रंगराव कायम झाले. सारा गाव देवळापुढे जमला. कंपनीतले प्रभाकर साहेबही आले.

आमच्या गावची रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी घालायचे. त्याने अंग झाडले, तर देवाने तो घेतला. नाही झाडले, तर सोडून द्यायचा. रंगरावांचे वडील दत्तोबा यांनी मला त्याच्या पाठीवर रिकामे केले. भुऱ्या कुसुमताईंकडे बघत शांत उभा राहिला. मला पुन्हा भरले, पुन्हा ओतले. तो हलला नाही.

"देव नको म्हणतोय," कुसुमताई म्हणाल्या. "सोडा की त्याला."

"मसाला वाटून झालाय. आता पंगतीला काय वरणभात वाढू?" रंगराव खेकसले.

"मंग देवाला इचारलं कशाला?"

रंगरावांनी मला हिसकावून घेतले, भुऱ्याचा कान धरला आणि सगळे पाणी त्या कानात ओतले. बिचाऱ्याचे सारे अंग थरारले.

"झाडलं! देवानं घेतलं!" लोक ओरडले. ढोल वाजला आणि सुरा चालला.

मटण कुसुमताईंनाच शिजवावे लागले. माळकरी प्रभाकर साहेब लांब बसून होते. "मुक्या जिवालाही आत्मा असतो, बाई. हाताने वाढवलात नि हाताने शिजवलात?" असे ते म्हणाले. कुसुमताईंनी मला भरून त्यांच्यापुढे ठेवले. साहेबांनी पाय आखडून घेतले. "नको. मटणाचे हात लागलेत त्याला."

मग रंगराव कुसुमताईंकडे घास घेऊन आले. "खा. परसाद हाय."

"न्हाई खाणार. लेकरू व्हतं माझं."

"देव कोपंल!" म्हणत रंगरावांनी तो घास भर पंगतीत बायकोच्या तोंडात कोंबला. लोक हसले. कुसुमताईंनी तो गिळला.

त्यानंतर त्यांनी देवासाठी मला कधीच भरले नाही. रंगरावांनी मला परसाकडे न्यायला काढले. आता मी गोठ्यामागे पडून असतो. अंगावर हिरवा कळंक चढला आहे.

मित्रांनो, मटण खावे की नाही, हे सांगण्याइतकी अक्कल तांब्याला नाही. पण मुक्या जिवाला काही विचारलेत, तर त्याचे उत्तर ऐका. पंगत मांडून झाली असली, तरीही.