ज्या गाडीला आवाज नाही

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही. माझं मलाच वाटत नाही," असं म्हणत उस्तादांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायरवाल्याच्या गाडीच्या धडधडत्या इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुरकुरतोय. बंद कर. तर काय सांगत होतो, परवा घाटात माझ्या म्हातारीला पोरीच्या डबीनं ओढत वर नेलं."

टायरवाल्याने चावी फिरवली. इंजिन गप्प झालं आणि गॅरेजमधल्या माणसांच्या माना उस्तादांकडे वळल्या.

म्हातारी म्हणजे उस्तादांची पन्नास वर्षं जुनी मोटार. कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती नवरीसारखी झाकून ठेवलेली असे. डबी म्हणजे लेकीने आठ महिन्यांपूर्वी घेतलेली पांढरी, साधी, चार दारांची विजेवरची गाडी. ती बाहेर अंगणात भिंतीतल्या वायरला तोंड लावून उभी होती. डबी हे नाव उस्तादांनीच ठेवलेलं. त्याआधी मिक्सर, इस्त्री आणि खेळणं ही नावंही ठेवून झाली होती.

थापेला पाय नसतात म्हणतात. उस्तादांच्या थापेला चार चाकं असत आणि पाचवं डिकीत. चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी ते थापा मारत आणि टायरवाला, मास्तर आणि कुशनवाला हे तिघे उलट्या डब्यांवर बसून त्या ऐकत. मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. कुशनवाला सीटची कव्हरं शिवे, पायाखालच्या चटया कापे आणि महिन्याला दहा वाक्यं बोले. चौघांचं मिळून एक मंडळ होतं. वर्षातून एकदा जुन्या गाड्या घेऊन घाटाची फेरी करायची, एवढंच त्याचं काम. आणि मंडळाचा एकच नियम होता, तो उस्तादांनी स्वतः लाल रंगाने भिंतीवर लिहिला होता : ज्या गाडीला आवाज नाही, तिला फेरीत जागा नाही.

नियम बदलायचा तर चौघांचे हात वर हवेत. आज तेच ठरणार होतं, कारण बुधवारी जेवताना लेक सहज म्हणाली होती, "बाबा, यंदा मी येऊ फेरीला? माझी गाडी घेऊन?"

उस्तादांच्या हातातला घास हातातच राहिला होता. लेक अठरा वर्षांची असताना त्यांनी तिला म्हातारीवर गाडी शिकवायला घेतली. पहिल्याच चढावर ते असे काही ओरडले की ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. पुढे ती बिनक्लचच्या गाडीवर परक्या माणसाकडून शिकली. मेकॅनिकची पोर आणि क्लच कुठल्या पायाने दाबतात ते ठाऊक नाही, हा विनोद ते चारचौघांत करत. त्यानंतर वीस वर्षांत तिने बापासोबत गाडी चालवण्याचं नाव काढलं नव्हतं. आता काढलं होतं, आणि मध्ये त्यांचीच भिंत उभी होती.

"ओढत नेलं म्हणजे?" टायरवाल्याने विचारलं.

"दोरी बांधून. सातव्या वळणावर म्हातारी तापली. अशी तापली की बॉनेटवर चहा उकळला असता. पोरगी पुढे होती. मागे आली, दोरी बांधली, आणि सुटली. आवाज नाही, धूर नाही. टपावर एक चिमणी बसली होती, ती घाटमाथ्यापर्यंत उडाली नाही. वर पोचल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दचकली, की मी इथे आले कशी!"

"चिमणी," मास्तर म्हणाले.

"चिमणी सोड. मास्तर, चढावर मध्येच थांबवली तिने. ऐन उभ्या चढावर, मागे माझं अख्खं धूड लटकलेलं. आणि पुन्हा सोडली. मागे किती आली असेल?"

"हातभर तरी येणारच."

"बोटभरही नाही! तुझे किती विद्यार्थी त्या चढावर रडले, सांग?"

मास्तरांनी हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "पण क्लच नाही, गिअर नाही," ते म्हणाले, "त्याला चालवणं म्हणतात का? ते म्हणजे लिफ्टमध्ये बसणं."

"मीही असंच म्हणायचो," उस्ताद म्हणाले. मग आवाज खाली आला. "उतरताना बघायला हवं होतंस. आपण घाट उतरतो तेव्हा खाली ब्रेकचा वास येतो ना, जळका? ती उतरली, पायाने ब्रेकला शिवलीसुद्धा नाही. नुसता पाय उचलायचा. गाडी स्वतःच स्वतःला आवरते, समजूतदार बाईसारखी. आणि उताराची ताकद पोटात साठवते. माथ्यावर बॅटरी एकतीस टक्के होती, पायथ्याला छत्तीस. अरे, आपण जन्मभर तो उतार फुकट जाळला!"

मास्तर पुढे झुकले. "तू मागच्या गाडीत होतास. आकडा दिसला कसा?"

"पोरीने सांगितला."

"घाटात?"

"काच खाली करून ओरडली. आवाजच नाही ना गाडीला, सगळं ऐकू येतं."

टायरवाला गुडघ्यावर थाप मारून हसला. कुशनवाला हसला नाही. तो ताडपत्रीच्या घडीवर साचलेल्या धुळीकडे बघत होता.

"उस्ताद, खरं सांग," टायरवाला म्हणाला, "बसलास तू त्या गाडीत?"

"मी? आवाज नसलेल्या गाडीत? कान लावलाय फक्त. हा एवढा." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून दाखवला. "आधी वाटलं, मेलेली आहे. मग ऐकू आलं. झोपलेलं बाळ पोट भरल्यावर हुंकार देतं ना, तसं काहीतरी. पन्नास वर्षं इंजिनांचं रडणं ऐकलं रे मी. हे पहिलंच बघितलं, ज्याला काही दुखत नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून लेक आली. इस्पितळातली रात्रपाळी करून आलेली, अंगावर अजून परिचारिकेचा गणवेश, हातात चहाचा ट्रे. आता चहा देऊन ती झोपणार, ते दुपारी तीनला उठणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

"ठरलं का काही?" तिने विचारलं.

"तुझे बाबा थापा मारतायत," मास्तर म्हणाले.

"मग वेळ लागेल." तिने कुशनवाल्याला कप दिला. "काका, जाता जाता माझ्या गाडीची सीट बघाल का? रोज संध्याकाळी ड्यूटीला निघते तर मागे गेलेली असते. पाय पोचत नाहीत. काही ढिलं झालंय का?"

"अगं, त्या गाड्यांचं असंच," उस्ताद घाईने म्हणाले. "नुसतं कॉम्प्युटरचं काम. सीटसुद्धा मनाला येईल तिकडे जाते."

लेकीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली. कुशनवाला कप हातात घेऊन अंगणात गेला.

उस्ताद उठले. बशीतला चहा संपवून त्यांनी एक चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, भिंतीजवळ गेले आणि 'आवाज' या शब्दावर ती टेकवून उभे राहिले. पुसलं नाही. टेकवून फक्त उभे राहिले.

"माझा हात वर आहे असं समजा," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

टायरवाला आणि मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. या भिंतीपायी गेल्या वर्षी उस्तादांनी एका जुन्या मित्राला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं होतं.

"ह्या गाड्या टायर लवकर खातात," टायरवाला म्हणाला.

"मग तुझं काय बिघडतं? तूच तर टायर विकतोस!"

"तेच म्हणतोय." टायरवाल्याने हात वर केला. "माझा काही विरोध नाही."

मास्तरांनी बराच वेळ चहात फुंकर मारली. "बोटभरही मागे आली नाही?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची कशाला, स्वतःच्या घे."

"स्वतःच्या गळ्याची शपथ. त्या चढावर, मास्तर, माझेच डोळे भरून आले."

उस्तादांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांचा हात हळूहळू वर गेला.

राहिला कुशनवाला. तो दारात उभा होता. एका हातात रिकामा कप, दुसऱ्या हातात डबीतली चालकाच्या पायाखालची चटई. त्याने कप उलट्या डब्यावर ठेवला आणि मोकळा झालेला हात डोक्यापर्यंत वर नेला.

"माझंही हो," तो म्हणाला. "आणू दे पोरीला गाडी."

उस्तादांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चिंधी भिंतीवर जोरात फिरवली. लाल रंग ओघळला.

"आणि सीटचं म्हणाल तर," कुशनवाला तसाच हात वर ठेवून म्हणाला, "सीट एकदम घट्ट आहे. पण ही चटई मी आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने कापून बसवली." त्याने ती उजेडाकडे धरली. डाव्या बाजूला, जिथे त्या गाडीत काहीच नसतं तिथे, टाचेएवढी गोल झीज होती, आणि तिच्यातून अंगण दिसत होतं. "पोरीला क्लच ठाऊक नाही आणि या गाडीला क्लचच नाही. मग उस्ताद, प्रत्येक वळणावर हा डावा पाय कोण दाबतंय?"