एक मात्रा आधी

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तोक्योतल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत कुरामोची तेरुओ यांनी चष्मा लावला, समोरचा कागद वाचला आणि हातातल्या काठ्या व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्ट्यांवर ठेवल्या.

"तिसरी ओळ," ते म्हणाले. "इथं चूक आहे."

इसोबे चिहाया उठून आली. 'दुपारचे पाहुणे' या मुलाखतींच्या कार्यक्रमाची जुनी फीत झिजली होती. शीर्षकसंगीत नव्यानं मुद्रित करायचं आणि त्याची स्वरलिपी लिहायची, हे काम तिच्याकडे होतं. मूळ कागद हरवले होते, संगीतकार केव्हाच वारले होते.

"चूक कशी असेल, कुरामोची-सान? फीत दोनशे वेळा ऐकून उतरवलंय मी."

"तेच म्हणतोय. चूक फितीतच आहे. माझी आहे."

१९७८ साली कुरामोची एकतीस वर्षांचे होते आणि दिवसाला तीन स्टुडिओ गाठत. त्या दिवशी बाराला दुसरीकडे पोचायचं होतं. एक डोळा घड्याळावर होता, आणि व्हायब्राफोनचा तो एकटा स्वर एक मात्रा आधी पडला. व्हायोलिनवाल्यांची वेळ संपली होती. संगीतकार म्हणाले, "जाऊ द्या. दोन महिन्यांत बंद पडणारा कार्यक्रम आहे."

कार्यक्रम शेहेचाळीस वर्षं झाली तरी चालूच होता. सोमवार ते शुक्रवार दुपारी एक वाजता दातांच्या दवाखान्यात, नूडल्सच्या दुकानात, सासुरवाडीला, सगळीकडे तो स्वर आधी पडत राहिला. धंद्यातले लोक विचारायचे, "काय कुरामोची, गाडी मिळाली का?" आज घरातून निघतानाही बायको फुमिए म्हणाली होती, "आज तरी सावकाश वाजवा हो."

चिहायाचा चेहरा पडला. "म्हणजे ताप आला की आजीच्या शेजारी पडून मी जे गुणगुणायचे, ती चूक होती?"

"सुरात गुणगुणायचीस ना? मग तुझा काही दोष नाही."

"पण मला ते तसंच हवंय."

"आणि मला एकदा तरी बरोबर हवंय. सत्त्याहत्तर झाली मला. पुन्हा कधी बोलावणार आहात?"

शेवटी ध्वनिमुद्रकानंच तोड काढली. दोन्ही वाजवा, दोन्ही पाठवू, वाहिनी ठरवेल.

अकरा वाजता सूत्रसंचालिका सेगावा मिचियो आल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही पाठ ताठ. संगीत चालू असताना त्या चालत येतात, वाकून नमस्कार करतात आणि बसतात. तेवढं जमतंय का, ते बघायचं होतं. कोणीतरी घडीची खुर्ची मांडली.

पहिल्यांदा फितीबरहुकूम वाजलं. त्या आल्या, वाकल्या, बसल्या. बसता क्षणी स्वर पडला.

दुसऱ्यांदा कुरामोची ती एक मात्रा थांबले. बाई बसून मोकळ्या झाल्या, मग स्वर आला. त्यांनी मान वळवली.

"उशीर झाला तुम्हाला."

"तुम्ही लवकर बसताय, बाई. शेहेचाळीस वर्षं."

"वा! बसवलंत कुणी मला लवकर?"

व्हायोलिनवाले वाद्यं मांडीवर ठेवून हसले. कुरामोचीही हसले, पण लगेच म्हणाले, "पुन्हा एकदा. बरोबरच वाजवायचंय." पुन्हा वाजवलं. स्वर जिथं असायला हवा तिथं पडला, विरेपर्यंत कोणी हललं नाही. काचेमागून ध्वनिमुद्रकानं दोन्ही हातांनी डोक्यावर मोठा गोल करून 'अगदी बरोबर' अशी खूण केली.

कुरामोचींनी काचेमागे जाऊन ते मुद्रण तीनदा ऐकलं. मग डबा उघडला आणि आत खारवलेला आलुबुखार घातलेला भाताचा गोळा चवीनं खाल्ला. चिहाया शेजारी येऊन बसली.

"झालं समाधान?"

"झालं. आहे कुठंतरी बरोबर वाजवलेलं, एवढं पुरे." डबा बंद करत ते म्हणाले, "पण लागलं तर हेच लागावं."

"मी चुकीचंच लागावं म्हणून देवळात घंटा वाजवून येणार आहे."

"जा. घंटा तरी मात्रेवर वाजव."

दोन्ही मुद्रणं त्याच संध्याकाळी वाहिनीकडे गेली. सोमवारी दुपारी एक वाजता त्यातलं एक लागायचं आहे. शुक्रवारी पाचपर्यंत कुठलं ते कळलं नव्हतं. सेगावाबाईंच्या मदतनिसानं चिहायाला फोनवर एवढंच सांगितलं, की बाई घरी दोन्ही प्रकारे बसायचा सराव करत आहेत.