एकाच सळईतले तिघे

मी गिअर बोलतोय. कोटाच्या बटणाएवढा, पोलादी, कडेला दाते. मुक्काम एका यंत्रमानवाच्या खांद्यात. घरातल्या आजारी बाबांना कापडी झोळीत घेऊन पलंगावरून उचलणं आणि खुर्चीत बसवणं, एवढंच त्याचं काम. त्याच्या खांद्यातल्या डबीत मधोमध एक गिअर, बाहेर दातेरी कडं, आणि दोघांच्या मधून गरगर फिरणारे आम्ही तिघे.

आमच्या जागी आधी प्लास्टिकचे तिघे होते. त्यांतल्या एकाचे दाते झडले. यंत्रमानव बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. पण बाबांची लेक गिअर बनवण्यात मुरलेली. "प्लास्टिकचं काय घेऊन बसलात, मी पोलादी करते," म्हणाली आणि मोडलेल्याच्या जागी तिने एक पोलादी गिअर बसवला. उरलेले दोन धड होते, ते तसेच ठेवले. धड वस्तू टाकवत नाही हो या माणसांना!

दुसऱ्याच दिवशी यंत्रमानव बाबांना झोळीत घेऊन अर्ध्यावरच अडकला.

"झोपाळा झकास आहे गं, पण उतरायचं कसं?" बाबा वरून म्हणाले.

लेकीने आणि तिच्या भावाने त्यांना कसंबसं खाली घेतलं. लेकीची कंबर आधीच कामातून गेलेली.

"ताई, आता बास," भाऊ म्हणाला. "मी सोमवारची सुटी काढलीय. बाबांना सेवागृहात ठेवू."

बाबांची थट्टाच आटली. त्यांना घर सोडायचं नव्हतं.

तिने डबी उघडली. पोलादी गिअर शाबूत होता, पण तो ज्या दांडीवर फिरतो तो आस वाकला होता. "प्लास्टिकचे दोघे दबून मोकळे झाले," ती पुटपुटली. "सगळा भार या एकट्यावर. कुणीही वाकेल."

मग माझा जन्म झाला. एकाच सळईच्या तीन चकत्या कापून तिने एकीवर एक ठेवून आवळल्या आणि तिघांचे दाते एकदमच पाडले. नंतर कणखर व्हावं म्हणून लालबुंद तापवून तेलात बुडवलं. जीव कासावीस झाला म्हणून सांगू! पण काय तो तिचा हात! आमच्यात केसाइतकाही फरक नाही. आसही तिने जाडजूड केले. अशा हातून घडलो याचा मला फार अभिमान वाटतो.

बाबांच्या आधी ती स्वतःच झोळीत बसली.

"ताई, वेड लागलंय का तुला?" भाऊ ओरडला.

तिने यंत्रमानवाचं बटण बाबांच्या हाती दिलं. "दाबा, बाबा."

त्यांनी भीतभीत दाबलं. आम्ही तिघांनी सारखा जोर लावला आणि ती अलगद वर गेली.

"फ्रॉकात होतीस तेव्हा उचलायचो तुला," बाबा म्हणाले. "अजून उचलता येतं की गं मला!"

भावाने तिला खाली उतरवून घेतलं. म्हणाला, "सोमवारची सुटी आहेच. बाबांचं मी बघतो, तू कंबर टेक."

आता आम्ही ग्रीजमध्ये बरबटून अंधारात फिरत असतो. कुणी बघत नाही, पण त्याचं वाईट वाटत नाही. कधीतरी आमचेही दाते झिजतील. तेव्हा एवढं करा, एकट्यालाच बदलू नका. तिघांना एकदमच निरोप द्या.