देल्फीनाचं कोरं पत्र

चेलेस्तीनोचा धंदा चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करण्याचा. पण गेली सहा वर्षं त्याचा सगळा जीव अडकला होता एका लाकडी पेटीत. पेटीला ऑर्गनसारख्याच पट्ट्या होत्या, मात्र पट्टी दाबली की सूर निघायच्या ऐवजी अक्षर उमटायचं. आत पांढरा कागद, त्यावर काजळी फासलेला कागद उपडा. वरून ठसा आपटला की खाली काळं अक्षर.

यंत्र पुरं झालं त्या दिवशी त्याने फर्मान काढलं, "आजपासून घरातली सगळी पत्रं यावरच."

त्याची मुलगी ओत्ताव्हिया पेटीपुढे बसली. शेजारी तिची आत्या देल्फीना कान देऊन होती. नवव्या वर्षी देवी आल्या आणि देल्फीनाचे डोळे गेले, त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. एक खटका. मग शांतता. मग सुस्कारा. मग दुसरा खटका.

"ऊठ बाई," देल्फीना म्हणाली, "तुझी एक ओळ होईस्तोवर भात शिजून गार होईल."

कोणती पट्टी कुठल्या अक्षराची ते तिने एकदाच विचारून घेतलं. दर रविवारी दोन तास चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बोटं ती. दुपार संपायच्या आत पेटीतून पाऊस पडल्यासारखा खडखडाट सुरू झाला.

"बाबा, पळत या! आत्याने प्रार्थना लिहिली, अख्खी! एक चूक नाही!"

चेलेस्तीनो पायऱ्या उतरताना धडपडल्याचं देल्फीनाने ऐकलं. मग त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर पडले.

त्या क्षणी तिच्या मनात एकच गोष्ट आली. जेनोव्हाला पत्र.

जेनोव्हाच्या बंदरात तिचा धाकटा भाऊ एव्हाझिओ दोरखंडाच्या वखारीत कारकून होता. त्याला जाणारी तिची पत्रं अकरा वर्षं पाद्री ग्रातो लिहायचे. ती सांगायची, ते उतरवायचे. बंदराजवळच्या चर्चला ऑर्गन वाजवणारं माणूस हवंय, पगार देतात, असं एव्हाझिओने वर्षापूर्वी कळवलं होतं. "मी येते," असं देल्फीनाने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "ताई, तू तिथे सुखात आहेस हे वाचून बरं वाटलं." तेव्हाच ती काय ते समजली होती. फुकटात वाजवणारी अशी बाई पाद्री ग्रातोंना दुसरी कुठे मिळणार? आणि घरातल्या कुणाकडून लिहून घ्यायचं, तर जायचं मनात आहे हे दादाला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दार लावून तिने स्वतः कागद घातले आणि लिहिलं. मनात साचलेलं सगळं लिहिलं. काजळीचा कागद काढून टाकला, पत्राची घडी घातली, लाखेने मोहोर केली.

"वाचून तरी बघू दे ना गं आत्या!" ओत्ताव्हिया मागे लागली.

"अकरा वर्षं माझं पत्र दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेलं. हे नाही जायचं. तू फक्त वर पत्ता घाल."

चौथ्या दिवशी सकाळी कुणीतरी दारावर धडाधडा मुठी आपटल्या.

"कोण गेलं?" एव्हाझिओ दारातूनच ओरडला. "दादा कुठाय? ताई, तू बरी आहेस?"

तिने त्याचा दंड धरला. बाहीवर सुतकाची पट्टी होती.

"अरे, कुणी मेलं नाही! पत्र मिळालं ना माझं?"

"कोरं पत्र धाडलंस तू! पुढून कोरं, मागून कोरं. म्हटलं, कुणालाच लेखणी धरवणार नाही असं काहीतरी घडलंय. पहिली आगगाडी धरून आलो."

चेलेस्तीनोने पत्र उजेडात धरलं असावं. "ठसे उठलेत," तो कण्हला. "नुसते ठसे. काजळीची बाजू वर ठेवलीस तू, देल्फीना!"

देल्फीनाची कानशिलं शरमेने तापली. मग एव्हाझिओ हसायला लागला, आणि त्याच्या हसण्याने तीही.

"बरं, आलोच आहे तर तोंडानेच सांग."

"नाही. बस तिथे. ओत्ताव्हिया, कागद तू घाल." ती पेटीपुढे बसली. पाठीमागे तिघांचे श्वास ऐकू येत होते. बोटं एकदाही अडखळली नाहीत.

एव्हाझिओने कागद ओढून मोठ्याने वाचला. "हे पत्र पाद्री ग्रातोंचं नाही, माझं आहे. मी इथे सुखात नाही. तीनदा येते म्हणाले, त्यांनी तुला एकदाही कळवलं नाही. ती जागा अजून असेल तर मला घेऊन जा."

"जागा आहे," तो म्हणाला. "अजून कुणी धड मिळालेलं नाही. ताई, ताई, आहे गं जागा!"

"एकही चूक नाही," चेलेस्तीनो पुटपुटला. आणि मग, जणू आत्ता कुठे अर्थ पोचला, "म्हणजे तू चाललीस?"

"चालले, दादा."

तो येरझारा घालू लागला. त्या पावलांवरून तिला वाटलं, आता हा चिडणार. पण तो थांबला तो पेटीपाशी.

"मग ही पण जाईल. पण हिला रस्त्यात हिसके बसता कामा नयेत. मांडीवर घेऊन मीच येतो जेनोव्हापर्यंत. आणि काजळीची बाजू बोटांना कळेल असा एक कोपरा कापून देतो, आत्ताच. ओत्ताव्हिया, कात्री!"

ओत्ताव्हिया कात्री शोधत घरभर धावत सुटली. देल्फीनाने एव्हाझिओच्या बाहीवरची काळी पट्टी चाचपली, तिची गाठ सोडवली आणि विचारलं, "ऑर्गनला पट्ट्या किती आहेत रे तिथे?"