मी भिंतीवर चढणार नाही

"बोल गं बये, बोल! तिकडे बाळ खोळंबलंय!"

हा आवाज ऐकून कितीतरी वर्षं लोटली, मित्रांनो. पण आजही कुणी माझ्या किकवर पाय ठेवला की आधी तोच माझ्या कानात घुमतो. मला कान नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण तो आवाज ज्याने ऐकला, त्याला कानांची गरज उरत नाही.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. एकाच सिलिंडरची, वजनाने जड आणि आवाजाने त्याहून जड. माझ्याबद्दल सगळे एकच शब्द वापरतात. हट्टी. म्हणोत बापडे! हा हट्ट नसता तर आज मी तुमच्याशी बोलत नसते. एका हॉटेलच्या भिंतीवर खिळून बसले असते आणि माझ्याखाली बसून लोकांनी चहा ढवळला असता.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथले चेहरे मला आठवत नाहीत. आठवते ती पहिली ठिणगी. तुम्हाला सांगते, पेट्रोलची वाफ आणि हवा माझ्या पोटात येतात, तिथे प्लगमधून इवलीशी निळी ठिणगी पडते, आणि मग मी बोलू लागते. ठिणगी आहे तोवर मी आहे. ठिणगी नाही, तर मी म्हणजे नुसतं लोखंडाचं ओझं.

मला घरी आणलं ते एका शिंप्याने. त्याची बायको नर्स. आसपासच्या वस्त्यांमध्ये बाळंतपण असलं की हिलाच बोलावणं यायचं. निरोप आला की शिंपीदादा अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच सोडायचे, अंगणात यायचे आणि माझ्या किकवर पाय ठेवून तेच म्हणायचे, "बोल गं बये, बोल!" मी कधीच त्यांना दोनदा म्हणायला लावलं नाही. मागच्या सीटवर नर्सबाई, मांडीवर त्यांची पेटी. खड्डे, चढ, ओढ्यातलं पाणी, काहीही असो, मी धावायचे. ज्या घरासमोर थांबायचे, तिथून थोड्या वेळाने एक नवं कोरं रडणं ऐकू यायचं. ते रडणं माझ्या ऐकण्यातलं सगळ्यात गोड गाणं.

गाणं नर्सबाईही म्हणायच्या. परतीच्या वाटेवर, शिंपीदादांच्या पाठीला टेकून, आपल्याच मनाशी:

पुढं पळते गं वाट, मागं उडे धूळमाती,
मला दिसे फक्त पाठ, वाट दुसऱ्याच्या हाती.

"वा! नर्सबाई आता गाणीही करायला लागल्या," शिंपीदादा हसायचे. त्याही हसायच्या. एकदा मात्र दादांचा हात मुरगळला असताना निरोप आला. नर्सबाई पेटी घेऊन माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी हँडलवर हात ठेवला. "अगं, तुला झेपायची नाही ही. पाडशील स्वतःला," दादा दारातून म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. बाईंनी हात काढून घेतला आणि त्या चालत निघाल्या. मला झेपलं असतं, मित्रांनो! पण मला कुणी विचारलं नाही.

मग शिंपीदादा गेले. माझी चावी खिळ्याला लटकली. मी घराच्या मागे, पोत्यांखाली. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला, टायर जमिनीला चिकटले. मी गंजले, पण मोडले नाही. हे लक्षात ठेवा.

एके दिवशी पोती उचलली गेली. समोर शिंप्याची मुलगी उभी होती. मोठी झालेली, इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारी, हाताला कायम तेलाचा वास. तिच्यामागे तिचा थोरला भाऊ. त्याचं गाड्या रंगवण्याचं दुकान. दोघांनी मला नखशिखांत उलगडलं. मुलीने इंजिन आणि वायरिंग घेतलं, भावाने रंग. आणि काय रंगवलं मला! गर्द निळा, आरशासारखा. माझा सांगाडा, इंजिनाच्या कडा, बोल्ट, बोल्टांची भोकं, जिथे उजेडसुद्धा जात नाही तिथेही त्याने हात फिरवला. "बाबांची गाडी आहे. एक कण उघडा ठेवणार नाही," तो म्हणायचा. त्या रंगात त्याची बापावरची सगळी माया उतरली होती.

मला पुन्हा जोडलं. सगळे अंगणात जमले. मुलीने किक मारली.

मी बोलले नाही.

पुन्हा किक, पुन्हा पुन्हा. मुलीचा पाय भरून आला, पण माझ्या तोंडून साधा खोकलाही निघेना. त्या दिवसापासून माझ्यामागे तपासणी लागली. पेट्रोल? येत होतं, भरपूर येत होतं. प्लग? तो काढून, पुसून, माझ्याच डोक्याला, म्हणजे इंजिनाच्या माथ्याला टेकवून किक मारून पाहिली. ठिणगी नाही. नवा प्लग आणला, तरी नाही. मग पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या दोन चिमुकल्या पट्ट्या. त्या घासल्या, त्यांच्यामधली फट मोजून लावली. कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. आणि गंमत अशी, की दिवा लख्ख लागत होता, हॉर्नही गल्ली दणाणून सोडत होता. फक्त ठिणगी नव्हती.

"हट्टीच आहे," भाऊ म्हणाला.

मी आतून ओरडत होते, अरे, मी बोलायला तयार आहे, माझी वाट कुणीतरी बुजवली आहे! पण ठिणगीशिवाय मला वाचा कुठली?

शेवटी भाऊ कंटाळला. त्याच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला नव्या हॉटेलच्या भिंतीवर टांगायला जुनी मोटारसायकल हवी होती. "रविवारी दुपारी टेम्पो पाठवतो म्हणालाय," भावाने घरी सांगितलं.

"दादा! टांगणार? बाबांच्या गाडीला?"

"ठमे, सोड आता हट्ट. सुंदर दिसतेय, तेवढं पुरे. चार माणसं बघतील तरी."

"सुंदर दिसायला ती काय बाहुली आहे?"

"मग काय आहे?"

"गाडी आहे. गाडी चालते."

"ही चालत नाही, बाई माझे!"

नर्सबाई दाराशी बसून भाजी निवडत होत्या. केस पांढरे झालेले, हात मात्र तेच, चपळ. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. "द्या देऊन," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बंद गाडीकडे रोज बघवत नाही मला."

तेव्हा मुलीने मुदत मागून घेतली आणि ठरलं ते असं, की टेम्पो येईपर्यंत मी बोलले तर घरात, नाही बोलले तर भिंतीवर. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अगदी खराखुरा टांगणीला!

रविवार उजाडला. मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पेट्रोल, प्लग, पॉइंट, कॉइल. ऊन अंगणात पसरत गेलं. तिच्या कपाळावर काळा ओरखडा उमटला होता. भाऊ मला गुंडाळायला गोधडी घेऊन आला, माझ्या रंगाला टेम्पोत चरा पडू नये म्हणून.

"काय सापडलं?" आईने विचारलं.

"काही नाही गं. बॅटरी भरलेली. प्लग नवा, कॉइल नवी, वायरी नव्या. दिवा लागतो, हॉर्न वाजतो..."

"आणि ठिणगी तेवढी नाही! मला तर बाई या प्रकाराचा काही अर्थच लागत नाही."

मुलीचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? अर्थ लागत नाही म्हणाले."

"अर्थ लागत नाही." मुलगी सावकाश उभी राहिली. मग एकदम ओरडली, "आई! अर्थच लागत नाहीये!"

"तेच तर म्हणतेय ना मी!"

मित्रांनो, हसू नका, नीट ऐका. वीज बॅटरीतून तारेने निघते, पण तिला परत बॅटरीकडे यायलाही वाट लागते. माझ्यासारख्या गाडीत ती वाट म्हणजे माझं अंगच. इंजिनाच्या धातूतून बोल्टमध्ये, बोल्टमधून सांगाड्यात, तिथून बॅटरीत. या परतीच्या वाटेला मेकॅनिक लोक 'अर्थ' म्हणतात. धातूला धातू टेकला नाही की म्हणतात, अर्थ लागत नाही. दिवा आणि हॉर्न यांना मुलीने परतीचीही तार दिली होती, म्हणून ते खुशाल चालू होते. पण माझं इंजिन आणि माझा सांगाडा यांच्यामध्ये भावाची माया उभी होती, थरावर थर.

"रोज दुसऱ्यांच्या इमारतींचं अर्थिंग तपासते मी," मुलीने कपाळावर हात मारला, "आणि स्वतःच्या घरात...!" तिने वायरचा एक तुकडा घेतला. त्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं प्लगच्या भोकाच्या कडेला. तेवढीच कड भावाच्या रंगातून सुटली होती. काढलेला प्लगही तिने तिथेच टेकवला. "दादा, किक मार."

त्याने मारली. टक्! निळी, लख्ख ठिणगी.

भाऊ पाहतच राहिला. मग म्हणाला, "झालं तर. ही वायर बांध कायमची."

"बांधायलाही उघडं लोखंड लागतं, दादा. तू एक बोल्ट तरी सोडलायस का?"

"म्हणजे?"

"रंग खरवडावा लागेल."

"माझ्या रंगाला हात लावायचा नाही!"

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. भावाने त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. हातातली गोधडी त्याने ओट्यावर टाकली आणि खिशातून पातं काढलं. "सरक," तो बहिणीला म्हणाला. "तुला कडा नीट धरता येणार नाही. मीच काढतो."

इंजिनाच्या एका बोल्टभोवती त्याने रंग खरवडला, नाण्याएवढा गोल. निळे पापुद्रे त्याच्या मनगटावर पडत होते. खाली पांढरं, उघडं, खरं लोखंड चमकलं. "वरून ग्रीस लाव," तो पुटपुटला. "नाहीतर गंजेल."

हॉटेलवाला दोर घेऊन आत आला. "बांधायची ना, मावशी?"

"थांबा जरा," नर्सबाई म्हणाल्या. भाजीचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

मुलीने त्या बोल्टला वायर आवळली, प्लग जागेवर बसला. मुलीचा पाय दमला होता, म्हणून भाऊच किकवर उभा राहिला. पहिली किक मी गिळली. इतके दिवस गप्प राहिल्यावर घसा साफ करायला नको? दुसऱ्या किकला त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "बोल गं बये, बोल!"

तोच आवाज. अगदी तोच.

आणि मी बोलले! अशी बोलले की ओट्यावरचं ताट थरथरलं, चिमण्या उडाल्या, हॉटेलवाल्याच्या हातातला दोर गळून पडला. भावाने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले.

"अहो, पण माझी भिंत?" हॉटेलवाला माझ्यावरून ओरडला.

"तिथे घड्याळ टांगा!" मुलगी त्याहून मोठ्याने ओरडली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी जुनं असेल. पुसा त्याला, रंगवा, जरूर नटवा. पण ते ज्यासाठी जन्मलं, ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. आणि माया करताना एखादी जागा उघडी ठेवा, जिथून त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचेल. नुसतं चकचकीत ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आम्ही गप्प असतो तेव्हा आमच्यात काही उरलेलं नसतं, असं तर मुळीच समजू नका.

टेम्पो रिकामा गेला. मी अंगणात धडधडत उभी होते. मुलगी माझ्यावर बसली आणि तिने मागची सीट थोपटली. "आई, ये. बस मागे. एक चक्कर मारू."

नर्सबाई उठल्या. पदर खोचला. माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी हात ठेवला, तो सीटवर नाही, हँडलवर. जिथून एकदा काढून घेतला होता, तिथेच.

"मागे नाही," त्या म्हणाल्या. "उतर तू. मला पहिल्यापासून पुढे बसायचं होतं."